ड्रॅगन आणि तहकूब सभा

ड्रॅगनला सहकार कायदा लागू होत नाही, ही गोष्ट मला वयाच्या साठाव्या वर्षी आणि पाच योद्ध्यांचा बळी गेल्यावर कळली.

मी कारभारी चांदगुडे. कोपरगावजवळच्या एका साखर कारखान्याच्या सभा विभागात मी एकतीस वर्षं इतिवृत्तं लिहिली. इतिवृत्त म्हणजे सभेत काय घडलं त्याची नोंद. आमच्या भागात खिशाला पेन लावणाऱ्या माणसाला भाऊसाहेब म्हणायची पद्धत आहे, म्हणून मी भाऊसाहेब. या एकतीस वर्षांत सभेत न घडलेली एक ओळही मी लिहिली नाही. घडलेल्या पुष्कळ ओळी लिहिल्या नाहीत, पण तो वेगळा विषय आहे. एका वार्षिक सभेत सतरा खुर्च्या मोडल्या, तेव्हा मी 'विषयावर सर्व बाजूंनी चर्चा झाली' असं लिहिलं. खुर्च्या खरोखरच सर्व बाजूंनी आल्या होत्या.

इतिवृत्ताची पहिली ओळ ठरलेली असते. 'अध्यक्षस्थानी मा. श्री. अमुक अमुक होते.' माझ्या काळात चार अध्यक्ष झाले आणि त्या चौघांची नावं माझ्या वळणदार अक्षरात कपाटभर वह्यांत पडून आहेत. लिहिणाऱ्याचं नाव मात्र इतिवृत्तात येत नाही. चहा देणाऱ्या शिपायाचं एकदा आलं होतं, कारण त्याच्या हातून किटली अध्यक्षांच्या धोतरावर सांडली होती. माझ्या हातून कधी काही सांडलं नाही. मी निवृत्त झालो त्या दिवशी शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं, भाषणंही बरी झाली. पण त्या समारंभाचं इतिवृत्त लिहायला मी नोकरीत उरलो नव्हतो, म्हणून ते कुणी लिहिलंच नाही. मला याचं वाईट वाटलं होतं. बोललो नाही, पण वाटलं होतं.

आता मूळ विषयाकडे येतो. आमच्या कॉलनीत शेजारी रज्जाकभाई राहतात. एसटीत तीस वर्षं चालक होते. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी दीड महिना हलू नका म्हणून सांगितलं. ज्या माणसानं आयुष्यभर रोज दोनशे किलोमीटर कापले, तो पलंगावर किती पडून राहणार? त्यांची सून सुमैरा मेडिकल दुकानात फार्मासिस्ट आहे, हुशार पोरगी. सासऱ्यांनी पलंग सोडू नये म्हणून तिनं त्यांच्या मोबाईलवर एक खेळ टाकून दिला. त्यात किल्ले, जादूगार, राक्षस असं सगळं असतं. आपण आपला एक योद्धा घ्यायचा, त्याला लढवून मोठा करायचा, आणि जगभरची माणसं आपापले योद्धे घेऊन त्याच मैदानात असतात. बोलायचीही सोय असते. मी अर्धा डझन पेरू घेऊन रज्जाकभाईंना भेटायला गेलो आणि दोन तासांनी परत आलो, तेव्हा माझ्या फोनमध्ये कमरेपर्यंत दाढी असलेला एक जादूगार होता.

महिन्याभरात आम्ही चौदा जण झालो. बहुतेक कारखान्यातले निवृत्त. समोरच्या घरातला बिभीषण आला. हा गडी शेतावर ऊस तुटला की स्लिप फाडायचं काम करायचा आणि दर वार्षिक सभेत उभा राहून अहवालाच्या पान चौदावर प्रश्न विचारायचा. पान चौदावर एकदा नुसतं रोपवाटिकेचं छायाचित्र होतं, तरी विचारला. रज्जाकभाईंचा जुना कंडक्टर बन्सी अकोले तालुक्यातल्या एका डोंगरी गावाहून खेळायचा. त्याच्या घरात रेंज नव्हती, म्हणून तो मागच्या टेकाडावर एका विशिष्ट दगडावर उभा राहायचा. खेळात तो धनुर्धारी होता.

मग सुमैरानं सांगितलं की खेळात टोळी काढता येते, टोळीला किल्ला मिळतो आणि टोळीला एक प्रमुख असतो. प्रमुख हा शब्द ऐकला आणि माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. घरी येऊन रात्रीच्या जेवणाआधी मी पोटनियमांचा मसुदा पूर्ण केला.

टोळी हा शब्द मला पसंत नव्हता. टोळी ऊसतोडीची असते नाहीतर चोरांची. मी 'गोदातीर योद्धा सहकारी मंडळी मर्यादित' असं नाव सुचवलं. खेळाच्या रकान्यात ते सगळं मावेना, त्यामुळे किल्ल्याच्या झेंड्यावर 'गोदातीर योद्धा स' एवढंच फडकू लागलं. बिभीषणनं पहिली हरकत तिथंच घेतली. पोटनियम बावीस होते. सभेची सूचना सात दिवस आधी, कोरम दहाचा, दोन जागा महिला राखीव. लढाई हीसुद्धा सभाच धरायची, कारण सभासद एकत्र येऊन सामुदायिक निर्णय अमलात आणतात. अध्यक्षपदासाठी एकच अर्ज आला. तो माझा होता. मी बिनविरोध निवडून आलो आणि त्या रात्री वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, 'अध्यक्षस्थानी श्री. कारभारी सखाराम चांदगुडे होते.' एरवी अशा ओळीला मला वीस सेकंद लागतात. या ओळीला पाव तास लागला. पेन तीन वेळा बदललं.

आमच्या ओसरीत लाकडी हाताची एक जुनी खुर्ची आहे. तेव्हापासून मी खेळताना तिच्यातच बसू लागलो. माझी बायको विजयमाला म्हणाली, तिचा एक पाय हलतो, जपून बसा. मी म्हटलं, अध्यक्षाच्या खुर्चीचा पाय हलतोच. ती आत निघून गेली.

खेळाच्या नियमाप्रमाणे ओळीनं तीन रविवार संध्याकाळी सहा वाजता किल्ल्यावर ड्रॅगन येणार होता. तिन्ही वेळांत एकदाही त्याला मारता आलं नाही, तर किल्ला जाणार आणि मंडळी बरखास्त. बरखास्तीचं मला भय होतं. मी चांगल्या चांगल्या संस्था बरखास्त होताना पाहिल्या आहेत. आधी प्रशासक येतो, मग फर्निचर जातं. आणि माझं अध्यक्षपद तर अजून महिन्याचंही नव्हतं.

पहिल्या रविवारी सहा वाजता मी ओसरीत बसून हजेरी घेतली. सहा जण होते. बाकीचे आठ धारा काढत होते. संध्याकाळी सहा ही आमच्याकडे गाई-म्हशींची वेळ, आणि डेअरी साडेसातला बंद होते, ही गोष्ट खेळ बनवणाऱ्यांच्या ध्यानात आली नव्हती. ती माझ्याही आली नव्हती, पण मी अध्यक्ष होतो. सुमैरा फोनवरून म्हणाली, काका, तो आलाय. वर आभाळात लाल पंख दिसत होते. मी म्हटलं, त्याला येऊ दे, तो सभासद नाही. मग पोटनियम क्रमांक नऊ वाचून दाखवला आणि कोरमअभावी लढाई अर्धा तास तहकूब केली.

सहकारात काम केलेल्या माणसाला ही तरतूद पाठ असते. कोरम नसेल तर सभा अर्धा तास तहकूब होते, आणि अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा भरते तेव्हा तिला कोरम लागत नाही. आमच्या कारखान्याच्या कित्येक वार्षिक सभा अशा तहकूब होऊन नऊ माणसांत यशस्वी झाल्या आहेत. त्या नऊ जणांत तीन जण मंडपवाले असायचे. तेव्हा साडेसहाला मी जाहीर केलं की आता कोरमची गरज नाही, सहा जण लढू शकतात. दरम्यान ड्रॅगननं दोन बुरूज जाळले होते.

चाळीस सेकंदांत सगळं आटोपलं. रज्जाकभाई पहिले गेले, कारण ते एसटीच्या सवयीनं सगळ्यांच्या पुढं होते. सुमैरा गेली, मी गेलो, आमच्या स्टोअरचे जुने क्लार्क गेले. बिभीषणचा योद्धा नंतर तबेल्याच्या मागं सापडला, तोही जळालेलाच. एकटा बन्सी वाचला. ऐन वेळी त्याची रेंज गेली, त्याचा धनुर्धारी खांबासारखा उभा राहिला आणि ड्रॅगनला तो खांबच वाटला असावा. खेळात मेलेले योद्धे आणि पडलेले बुरूज दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहतात, एवढी सोय होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंपनीला अर्ज केला. विषय: ड्रॅगनच्या वेळेत बदल करून मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की आमचे बहुसंख्य सभासद दुग्धव्यवसाय करीत असल्याने सदर ड्रॅगन रात्री आठ वाजता पाठविण्यात यावा. जावक क्रमांक टाकला. खेळातच तक्रारीची एक पेटी होती, तिच्यात अर्ज टाकताच क्षणात उत्तर आलं, त्याचा मथितार्थ असा की शूरवीरा, तुझा निरोप पोचला, तुझं साहस चालू ठेव. एवढी जलद पोच मला सरकारी पत्राची कधी मिळाली नव्हती. मी ती आवक नोंदवहीत चढवली. संध्याकाळी पहिलं स्मरणपत्र पाठवलं. मंगळवारी दुसरं. बुधवारी तिसरं, आणि त्यावर 'पूर्वीच्या पत्रांच्या प्रती सोबत' म्हणून तिन्ही मजकूर पुन्हा जोडले. बुधवारी दुपारी कंपनीनं कळवलं की एकच मजकूर वारंवार पाठवल्याबद्दल माझं बोलणं दोन दिवस बंद करण्यात आलं आहे. एकतीस वर्षांत माझी पत्रं गहाळ झाली, परत आली, एकदा तर त्यात भजी बांधून आली, पण माझी वाचा कुणी बंद केली नव्हती.

कॉलनीत ही बातमी पसरायला अर्धा तास लागला. एकानं आमदारांचं शिफारसपत्र जोडा म्हणून सांगितलं. एकानं माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, कंपनीला घाम फुटेल म्हटलं. बिभीषणची बायको मनकर्णावहिनी बघायला आल्या आणि माझा फोन हातात घेऊन म्हणाल्या की एवढा तापलाय तर आत मानूस कसा बोलल, याला माठाच्या झाकणावर ठिवा. ठेवला. झाकण ओलं होतं. फोन चार्ज होईना, म्हणून दुसऱ्या शेजाऱ्याच्या सल्ल्यानं तो तांदळाच्या डब्यात पुरला. शुक्रवारी पाहुणे बसलेले असताना तांदळाचा डबा वाजू लागला आणि कंपनीनं मला पुन्हा बोलायची परवानगी दिल्याचं सगळ्यांच्या समक्ष जाहीर झालं.

मधल्या काळात कोरमचा प्रश्न होताच. महिला राखीवच्या दोन जागांपैकी एकीवर सुमैरा होती, दुसरी रिकामी होती. आता आमच्याकडे महिला राखीव जागेची एक रीत आहे. नाव बायकोचं आणि खुर्ची नवऱ्याची. 'सौ. अमुक हजर' असं लिहिताना समोर मिशा असायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याच रीतीनं मी विजयमालेच्या फोनवर तिच्या नावाचा योद्धा काढला. तिला वैदू केलं, कारण वैदूला लढावं लागत नाही, मागं उभं राहून जखमी माणसांना बरं करायचं असतं. तिला म्हटलं, तुला काही करायचं नाही, सहा वाजता फोन माझ्या शेजारी ठेवायचा, तुझं मी बघतो. ती म्हणाली, बरं.

शनिवारी दुपारी तिचा फोन हातात घेतला तर तो गरम. तिची वैदू एकतिसाव्या पायरीवर पोचली होती. मी अध्यक्ष असून नवव्या पायरीवर होतो. विचारलं तर म्हणाली, "दुपारची कामं आवरली की करते थोडं. तुमची माणसं फार जखमी असतात हो. त्या बन्सीला तर कुणी विचारतच नाही."

दुसऱ्या रविवारी सहाला बारा जण हजर. माझा ऊर भरून आला. सात दिवस आधी पाठवलेल्या सूचनेचा हा परिणाम, असं मी सगळ्यांना सांगितलं. पुढं कळलं की विजयमालेनं घरोघर फोन करून धारा अर्धा तास आधी काढायला लावल्या होत्या आणि दोन म्हशी मनकर्णावहिनींच्या गळ्यात घातल्या होत्या. मला ते तेव्हा कळलं असतं तरी मी वेगळं वागलो असतो असं नाही.

कोरम पुरा आहे म्हटल्यावर सभा रीतसर झाली पाहिजे. विषय क्रमांक एक, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. मी वही उघडून वाचायला सुरुवात केली. 'श्री. बिभीषण यांनी तबेल्याच्या दिशेने स्थलांतर केले' इथं आलो आणि बिभीषणनं हरकत घेतली. त्याचं म्हणणं, स्थलांतर केले म्हणजे पळाला असा वास येतो, त्याऐवजी 'तबेल्याच्या बंदोबस्तास गेले' असं घाला. मी म्हटलं, बंदोबस्ताचा ठराव कुठाय? तो म्हणाला, पान चौदा काढा. चौदा पानंच झाली नव्हती. एवढ्यात दुसरा फोन घेऊन माझ्या शेजारी बसलेली विजयमाला म्हणाली, अहो, तो वर आलाय. मी म्हटलं, विषय क्रमांक एक चालू आहे.

विषय क्रमांक एक अकरा मिनिटं चालला. किल्ला तेवढा वेळ चालला नाही. आम्ही अकरा जण 'बंदोबस्तास' या शब्दावर जळालो. एकटी विजयमाला स्वतःच्या जखमा बांधत तीन मिनिटं त्या राक्षसापुढं उभी राहिली. मग कुकर झाला म्हणून ती गॅस बंद करायला गेली आणि तेवढ्यात मेली.

बुधवारी संध्याकाळी आमच्या ओसरीतच सभा भरली. या वेळी खरी, माणसांची. कोपरगावातले नऊ जण आले होते, बन्सी विजयमालेच्या फोनवर यायचा होता. विजयमाला आत कांदाभजी तळत होती. मी हलत्या पायाच्या खुर्चीत बसलो आणि पुढच्या रविवारची विषयपत्रिका वाचणार, तेवढ्यात रज्जाकभाई काठी टेकत उठले. ते माझे तीस वर्षांचे शेजारी. माझ्याकडं न बघता ते जमिनीशी बोलू लागले.

"भाऊसाहेब, राग मानू नका. म्या तीस वर्सं एष्टी हानली. घंटी वाजली की गाडी सोडायची, यवढंच मला ठावं. तुमी दर टेसनाला पाशिंजरांची यादी वाचताय. आता एकच रईवार ऱ्हायला. माझा गुडघा तर बरा व्हनार, पन हे सगळं मोडलं तर मी संध्याकाळचं करू काय?"

मग त्यांनी ठराव मांडला. अध्यक्षांवर अविश्वास, आणि नवीन अध्यक्ष म्हणून सौ. विजयमाला कारभारी चांदगुडे. आत भजी टाकल्याचा चर्र आवाज झाला.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, फार वाईट वाटलं. पण हात सवयीनं वहीकडं गेला आणि मी लिहिलं, 'सूचक: श्री. रज्जाकभाई.' त्याखाली 'अनुमोदक' लिहून दोन टिंबं दिली आणि वर पाहिलं. कुणीतरी दुजोरा दिल्याशिवाय ठराव उभाच राहत नाही, हा माझाच पोटनियम. कुणी बोलेना. सुमैरा ओढणीचं टोक बघत होती. मी बिभीषणकडं पाहिलं. आयुष्यभर प्रत्येक अध्यक्षाला विरोध केलेला माणूस, आज तर त्याचा सण. तो घसा खाकरून म्हणाला, "मी विरोध करतो भाऊसाहेब. पाठिंबा मी आजवर कुनालाच दिल्याला न्हाई. आन् तुमच्या विरुद्ध तर देनार न्हाई."

म्हणजे ठराव पडत होता. मी वाचलो होतो. फक्त वही बंद करायची आणि पुढचा विषय घ्यायचा, एवढंच काम होतं. मी समोर बघितलं. रज्जाकभाई अजून उभेच होते आणि त्यांचा दुखरा गुडघा थरथरत होता. आतून विजयमालेचा आवाज आला, फोनवर असावी. बन्सीला विचारत होती की टेकाडावर थंडी वाजते का, अंगावर काही घेतलंस का. एवढ्या दिवसांत हा प्रश्न विषयपत्रिकेवर घ्यायचं मला सुचलं नव्हतं.

मी 'अनुमोदक' पुढं स्वतःचं नाव लिहिलं. त्याला मात्र पेन बदलावं लागलं नाही.

सुमैरानं खेळात ते कसं करायचं दाखवलं. प्रमुखपद सोडायचं बटण होतं. ते दाबलं तर त्यानं विचारलं, तुम्हाला खात्री आहे का. हो म्हटलं, तर पुन्हा विचारलं, नक्की का. एकतीस वर्षांच्या नोकरीत मला हे एकदाही कुणी विचारलं नव्हतं. मी दुसऱ्यांदा हो दाबलं आणि खुर्चीतून उठलो. विजयमाला भज्यांचं ताट घेऊन बाहेर आली. तिला सगळं सांगितलं तेव्हा तिनं पदराला हात पुसले आणि म्हणाली की बरं, पण भजी गार होतात, आधी खाऊन घ्या.

ती काही त्या खुर्चीत बसली नाही. तिसऱ्या रविवारी पावणेसहाला तिनं जोत्यावर बस्कर टाकलं आणि आम्हाला सगळ्यांना फोनवरून एवढंच सांगितलं, की तिनं दोन रविवार त्याच्याकडं नीट बघितलंय. तो तीनदा आग टाकतो आणि मग दमतो. "कुकरसारखं धरा. तीन शिट्ट्या होईपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. तिसरी झाली की सगळ्यांनी मारायचं. मी शिट्ट्या मोजते. बिभीषणभाऊजी, तुम्ही तबेल्याजवळच थांबा, तो तिकडूनच येतो."

बिभीषणनं हरकत घेतली नाही. तबेल्याच्या बंदोबस्ताला त्याला अखेर अधिकृत मान्यता मिळाली होती.

मी सवयीनं वही मांडीवर घेऊन, पेन उघडून, तिच्या शेजारी बसलो होतो. तिनं माझ्याकडं बघितलं. "वही खाली ठेवा. तुम्ही त्याच्याशी आजवर एकदा तरी लढलाय का?" मी आठवून पाहिलं. खरंच लढलो नव्हतो. दोन्ही लढायांत मी लिहीत नाहीतर वाचत होतो. माझ्या जादूगाराच्या हातात खेळानं पहिल्या दिवशी दिलेली काठी होती. विजयमालेनं माझ्या फोनवरचं एक निळं बटण दाखवलं आणि म्हणाली की मी सांगेन तेव्हा हे दाबायचं, आधी नाही.

सहा वाजता तो आला. पहिली शिट्टी झाली, बुरूज गेला. दुसरी झाली, रज्जाकभाई अर्धे जळाले आणि ती त्यांना बांधत राहिली. तिसरी झाली आणि ती म्हणाली, मारा. ती सोडून आम्ही चौदाच्या चौदा जणांनी मारलं. तो खाली बसला, आम्ही आनंदात होतो, तर त्याच्या खांद्यातून दुसरं डोकं निघालं. ऐनवेळी येणारे विषय कुठल्याही सभेला चुकत नाहीत. विजयमालेचा आवाज तसूभर बदलला नाही. पुन्हा पहिल्यापासून मोजते, म्हणाली, आणि मोजलं. तिसऱ्या शिट्टीला पुन्हा मारा झाला. माझा अंगठा घामानं निसटत होता. "अहो, दाबा," ती म्हणाली. मी दाबलं.

सहा वाजून एकोणीस मिनिटांनी ड्रॅगन पडला. पलीकडच्या घरातून रज्जाकभाईंनी काठी आपटल्याचा आवाज आमच्या ओसरीपर्यंत आला. झेंडा राहिला, त्यावरचा अर्धवट 'स' राहिला, मंडळी राहिली. पाच मिनिटांत सगळे ओसरीत जमले, बन्सी तेवढा रेंज जाऊन टेकाडावर राहिला. मी वही उघडली आणि लिहिलं, 'अध्यक्षस्थानी सौ. विजयमाला कारभारी चांदगुडे होत्या.' ही ओळ लिहायला मला वीस सेकंद लागले. चांगली वाटली लिहायला, हेही इथं नमूद करतो.

मग विजयमाला म्हणाली, "पुढं लिहा. शेवटचा घाव श्री. कारभारी चांदगुडे यांनी घातला."

माझं पेन थांबलं. मी स्वतः पाहिलं होतं. बन्सीचा बाण लागला, तो पडला, आणि माझी निळी वीज त्याच्या पडलेल्या अंगावर जाऊन विझली. अर्ध्या क्षणाचा फरक होता, पण फरक होता. बिभीषणनंही पाहिलं होतं. तो लगेच उभा राहिला. "अध्यक्षांच्या परवानगीनं दुरुस्ती सुचवतो. शेवटचा घाव बन्सीच्या बानाचा हाय. मी तबेल्यापासून सोता बघितला."

एकतीस वर्षांत न घडलेली एक ओळही मी लिहिली नव्हती, आणि ते इथं सगळ्यांना ठाऊक होतं. मी बोलायला तोंड उघडलं. विजयमालेनं चहाचा कप माझ्याकडं सरकवला.

"बन्सीचं नाव त्याच्या खालच्या ओळीत घ्या, मोठ्या अक्षरात," ती म्हणाली. "बाकी माझ्या फोनवर मला जसं दिसलं तसंच मी सांगितलंय. दुरुस्ती नामंजूर."

बिभीषण म्हणाला की विरोध नोंदवून घ्या, आणि खाली बसून त्यानं चहा घेतला. मी त्याचा विरोध नोंदवला. बन्सीचं नाव मोठ्या अक्षरात घेतलं. त्याच्या वर ती ओळ लिहिली. तेवढी एकच ओळ माझ्या वह्यांत न घडलेली आहे, आणि तिच्याखाली अध्यक्षांची सही आहे. त्या ओळीत माझं अक्षर थोडं हललंय, पण नाव वाचता येतं.